पंधरा रेघांचे नाणे

मुलुंडच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी माझे दहा रुपयांचे नाणे परत केले, तेव्हा मला निवृत्त होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. “काका, हे नाय चालत. पंधरा रेघांचं हाय. धा रेघांचं द्या,” असे म्हणून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. एका बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत ज्याने अडतीस वर्षे काढली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक रोखपालाच्या खिडकीमागे काढली, त्याचे नाणे परत करणे म्हणजे गवयाला ‘तुमचा सा लागत नाही’ असे सांगण्यासारखेच होते. मी तिथेच उभा राहून त्यांना सुनावले की, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, दहा रुपयांची तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी चलनात वैध आहेत, आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले, कनवटीचा बटवा काढला आणि मेथीच्या जुडीवर त्यांचे एक आणि माझे एक अशी दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली. “हे बघा. ह्याच्यावर रुपयाची नवी खूण हाय, धा पाकळ्या हायत. तुमच्यावर खूण नाय आन् रेघा पंधरा. दोन्ही एकाच सरकारची कशी असतील?”

त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. रुपयाचे नवे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि ते नाण्यांवर २०११ पासून आले. माझे नाणे त्याआधीच्या ठशाचे होते, एवढाच काय तो प्रकार. पण त्यांचे निरीक्षण मात्र चोख होते, आणि घरी परतताना मला त्याच गोष्टीची टोचणी लागली. हयातभर मी नाणी मोजली, पिशव्यांत भरली, वजनावर तोलली, यंत्रातून खळाखळा ओतली, आणि त्यांपैकी एकाही नाण्यावर किती रेघा आहेत हे मला ठाऊक नव्हते. मोजणाऱ्याला नाणे दिसत नाही, रक्कम दिसते. उलट मावशींचा दिवसाचा गल्ला पाच-सहाशे नाण्यांचा, त्यात एक खोटे निघाले तर कोथिंबिरीच्या जुडीचा नफा गेला, म्हणून त्या प्रत्येक नाणे बघत असत.

त्या दुपारी मी आमच्या घरातला सुट्या पैशांचा डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी नाणी जमवू लागलो, त्याची सुरुवात एवढीच.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे की, नाणी जमवणे म्हणजे जुनी, दुर्मीळ आणि महागडी नाणी विकत घेणे अशीच माझीही समजूत होती. त्या डब्यातल्या नाण्यांनी ती पहिल्या दोन तासांतच मोडली. मुलीकडून दहा पटींचे भिंग मागवले होते, सराफ डोळ्याला लावतात तसले, आणि त्यातून सालाच्या आकड्यांखाली बघत गेलो, तेव्हा दिसले की एका रुपयाच्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट आहे, दुसऱ्यावर तारा, तिसऱ्यावर ठिपका, आणि चौथ्यावर काहीच नाही. या खुणा म्हणजे टांकसाळींच्या सह्या होत. चौकट आपल्या मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि कोलकात्याची टांकसाळ खूण करतच नाही. मुंबईची टांकसाळ शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेच्या समोर, १८२९ पासून उभी आहे. तिच्या उंच खांबांच्या दर्शनी भागावरून मी रोज सकाळी पावणेदहाला जात असे आणि संध्याकाळी परत येत असे. माझ्या खिडकीतून गेलेल्या नाण्यांपैकी कित्येक पाचशे पावलांवर पाडली गेली होती आणि तशी सही करून माझ्यापर्यंत आली होती.

त्याच डब्यात एक रुपयाच्या दोन नाण्यांनी मला आणखी घोटाळ्यात टाकले. म्हणजे एक रुपयाचे एक आणि दोन रुपयांचे एक. पण आकार एक, जाडी एक. काट्यावर ठेवली तर वजनही एक, ४.८५ ग्रॅम. १९९२ पासून निघालेला पोलादी रुपया आणि २०११ च्या मालिकेतले दोन रुपये यांचा व्यास पंचवीस मिलिमीटर आणि वजनही तेच. बेस्टच्या कंडक्टरांशी या कारणावरून प्रवाशांची होणारी भांडणे मी स्वतः ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी कंडक्टरला दोष दिला आहे. पाच रुपयांचे किमान भाडे होते त्या काळात, २०१९ ते २०२५ या वर्षांत, त्या चामड्याच्या पिशवीत हात घालून न बघता नाणी ओळखणे म्हणजे काय असेल याची कल्पना मला टेबलावर डोळे मिटून दोन नाणी चाचपल्यावर आली. मला ती ओळखता आली नाहीत.

माझी दुसरी समजूत अशी होती की, जमवायचे तर सगळेच जमवावे. आठवड्याभरात टेबलावर नेपाळचे एक नाणे, दुबईहून आलेले दोन, पाच-पंचवीस पैशांचा ढीग, वीस पैशांचे पितळी कमळ आणि कसल्याशा मंदिराचा टोकन एवढे सगळे एकत्र झाले, आणि सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, हे सगळं आवरणार कोण?” प्रश्न रास्त होता. फोर्टमध्ये एका पदपथावर नाणी मांडून बसणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांच्यासमोर मी माझी पिशवी उघडली तेव्हा त्यांनी पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, “साहेब, ही चिल्लर झाली, संग्रह नाही. एक काहीतरी धरा. एक राजा धरा, एक साल धरा, एक मिंट धरा, नाहीतर एक किंमत धरा.” नाण्यांच्या बाजारात टांकसाळीला कोणीच टांकसाळ म्हणत नाही, सगळे ‘मिंट’ म्हणतात, आणि न वापरलेल्या कोऱ्या नाण्याला ‘यूएनसी’. मी त्यांचे ऐकले आणि रुपया धरला. फक्त रुपया; प्रत्येक घडणीचा एक. नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगतो, कारण त्या एका निर्बंधाने पैसाही वाचतो, टेबलही रिकामे राहते, आणि मुख्य म्हणजे बघायला काय आहे ते कळते.

एकच किंमत धरून बसले की ती किंमत काळाच्या ओघात कशी झिजत गेली, हे वजनातून दिसू लागते. माझ्या टेबलावर आज नऊ रुपये ओळीने मांडलेले आहेत. पहिला पाचव्या जॉर्जचा, चांदीचा, ११.६६ ग्रॅमचा. हे वजन म्हणजे जुना तोळा. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला तो एका तोळ्याचाच होता, त्यामुळे रुपया हे चलनही होते आणि सराफाच्या तराजूतले वजनही. आता सोनारपेठेत तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात, आणि मग मुलीच्या लग्नात आजीच्या आणि सोनाराच्या हिशेबांत फरक पडतो. दुसरा रुपया सहाव्या जॉर्जचा, १९४० नंतरचा. वजन तेवढेच, पण महायुद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणलेली, आणि बनावट पाडणाऱ्यांना अवघड जावे म्हणून दातेरी कडेच्या मधोमध खोबणीची नक्षी घातलेली. तिसरा १९४७ चा, एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ. यात चांदी मुळीच नाही, निकेल आहे. चौथा १९५० च्या मालिकेतला, राजाच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आणि मागे गव्हाच्या ओंब्या. तोही ११.६६ ग्रॅमचाच, म्हणजे राजा गेला तरी तोळा टिकून होता. त्यानंतर मात्र घसरण सुरू होते. १९६२ चा निकेलचा रुपया दहा ग्रॅम. १९७५ चा तांबे-निकेलचा आठ ग्रॅम. १९८३ पासूनचा सहा ग्रॅम. १९९२ चा पोलादी ४.८५, आणि शेवटचा २०१९ च्या मालिकेतला, वीस मिलिमीटरचा, जेमतेम ३.०९ ग्रॅमचा. (मधला २०११ चा, ३.७९ ग्रॅमचा, मी अजून ओळीत ठेवलेला नाही, कारण मला पाहिजे तसा कोरा मिळालेला नाही.) पहिला आणि शेवटचा एकाच वेळी दोन तळहातांवर घेतले तर शेवटचा आहे की नाही हेच कळत नाही.

या ओळीत एक गंमत अशी आहे, जी मला फ्रिजवरच्या चुंबकाने शिकवली. चांदीच्या रुपयाला चुंबक लागत नाही. १९४७ च्या आणि १९५० च्या रुपयाला टक्कन चिकटतो, कारण शुद्ध निकेल चुंबकाकडे ओढले जाते. १९७५ च्या नाण्याला पुन्हा लागत नाही, कारण तांब्यात मिसळलेल्या निकेलचा तो गुण जातो. १९९२ च्या पोलादाला पुन्हा लागतो. त्यामुळे चांदीचा म्हणून कोणी रुपया विकायला आणला आणि त्याला चुंबक चिकटला, तर पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही. उलट चुंबक चिकटला नाही म्हणजे ती चांदीच, असे मात्र नव्हे. शिसे आणि जस्त मिसळून ओतलेले रुपयेही बाजारात आहेत आणि चुंबक त्यांनाही लागत नाही. त्यासाठी वजन बघावे, आणि नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारावी. चांदी लांबवर घुमते, ओतीव मिश्रण थपकन गप्प बसते. आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो ते उगाच नाही. पूर्वी सरकारी खजिन्यात नाणी अशी पारखून घेणारा अधिकारी असे, त्याला पोतदार म्हणत. झिजलेल्या किंवा हिणकस नाण्यावर तो बट्टा लावी. आमच्या शाखेत एक पोतदार होते, कर्जविभागात, त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे खिडकीवर खरं तर मी बसायला हवं होतं.”

आता माझ्या चुकीची गोष्ट. रुपया धरल्याला तीन महिनेही झाले नसतील, आणि माझा निश्चय ढळला. त्याच पदपथावर शिवराई दिसली. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसापुढे शिवराई ठेवून ‘तू फक्त रुपया जमव’ असे सांगणे अन्यायाचेच आहे. तांब्याचे ओबडधोबड, जाडसर नाणे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. विक्रेत्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, ही महाराजांच्या हयातीतली नव्हे, फार नंतरची आहे. शिवराया पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडल्या जात होत्या, त्यांचे प्रकार अनेक आहेत, आणि त्या इंग्रजी अमलातही गावोगाव चालत राहिल्या; बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया या नंतरच्याच असतात. नाणी हाताने पाडत असल्यामुळे ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटे. माझ्या नाण्यावर ‘श्री’ अर्धी होती, ‘राजा’ पुरते होते, ‘शिव’मधला ‘शि’ होता आणि ‘व’ कडेबाहेर गेला होता. मागच्या बाजूला ‘छत्र’ दोन ओळींमधल्या रेघेवर टेकलेले होते. सगळे नाणे काळपट तपकिरी होते आणि अक्षरांच्या खोबणीत हिरवट छटा होती.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. आमच्याकडे पूजेत नाणी मांडतात आणि त्यांत ही मांडावी असे मला वाटले. तांब्याची भांडी ज्या चिंचेने आणि मिठाने आईपासून घासली जातात त्याच चिंचेने आणि मिठाने मी शिवराई घासली, अंगठ्याने, पाच मिनिटे, मनापासून. ती लखलखीत झाली. देव्हाऱ्यात समईच्या उजेडात ती फार सुंदर दिसली, आणि मी तिचे छायाचित्रही काढले. चार दिवसांनी त्या विक्रेत्यांना मोठ्या अभिमानाने दाखवली, तर त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. “साहेब, आता ह्याला कोणी हात लावणार नाही,” एवढेच म्हणाले. ती काळपट साय म्हणजे तांब्यावर दोनशे वर्षांत चढलेले कवच असते, तेच धातूला सांभाळते, आणि खऱ्या नाण्याची ती खूणही असते. बनावट शिवराई करणाऱ्यांना ती साय नीट जमत नाही. चिंचेच्या आम्लाने मी ती धुऊन काढली आणि मिठाच्या कणांनी ‘राजा’वर बारीक ओरखडे पाडले. दिवाळीनंतर दोन महिन्यांत त्या गुलाबी तांब्यावर ठिकठिकाणी काळे डाग उमटले. ती शिवराई मी अजून ठेवली आहे आणि कोणी नवखा माणूस माझ्याकडे नाणे चमकवण्याचा उपाय विचारायला आला, की भाषण न देता ती त्याच्या हातावर ठेवतो.

नाणे धुवायचेच असेल, म्हणजे त्यावर चिखल किंवा तेलकटपणा असेल, तर साध्या पाण्यात भिजवावे आणि मऊ कापडावर टिपून कोरडे करावे, घासू नये. धरताना दोन बोटांत कड धरावी, तोंडावर अंगठा ठेवू नये. हे ऐकायला सोपे आहे, पण बँकेच्या रोखपालाची बोटे नाणी तोंडावरच धरायला शिकलेली असतात, आणि मला ती सवय मोडायला सहा महिने लागले.

साठवणीचा प्रश्न मुंबईत वेगळाच आहे. पुण्यातल्या एका मित्राने सांगितल्याप्रमाणे मी स्वस्तातला मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम आणला आणि जुलैमध्ये उघडला, तेव्हा तांबे-निकेलच्या रुपयांवर चिकट हिरवट थर आला होता. ते मऊ प्लास्टिक पीव्हीसीचे असते, ते हवेत हळूहळू आम्ल सोडते, आणि मुंबईची दमट हवा त्याला मदतच करते. मग मी पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर आणले, ज्यात दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक पापुद्रा असतो आणि कडा स्टेपलरने बंद करतात. पुढच्या पावसाळ्यात स्टेपलरच्या पिना गंजल्या आणि गंजाचा ओघळ पुठ्ठ्यावरून नाण्याच्या दिशेने निघाला. आता चिकटपट्टीचे होल्डर, त्यावर एक घट्ट झाकणाचा डबा, आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या अशी व्यवस्था आहे. जून ते सप्टेंबर तो डबा मी उघडत नाही. नाणी बघायचा मोसम मुंबईत दिवाळीनंतरच सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या सोसायटीत मी नाणी जमवतो ही बातमी पसरली आणि त्यानंतर रविवारी सकाळी लोक येऊ लागले. कोणाकडे आजोळचा डबा, कोणाकडे पूजेतले नाणे, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: ह्याचे किती लाख येतील? वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली, ती लाखो रुपयांना जातात, असे कोणीतरी भ्रमणध्वनीवर पाठवलेले असते. ती नाणी चांगली आहेत, जपून ठेवावीत, पण ती चलनासाठी पाडलेली आहेत आणि लाखांत विकली जात नाहीत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेले आणि एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असलेले तांब्या-पितळेचे नाणे. हे मी एकाच वर्षात चार घरांतून पाहिले. कंपनीने राम दरबाराचे असे नाणे कधीही पाडलेले नाही. हे पूजेसाठी आणि आता फसवणुकीसाठी ओतलेले टोकन आहे. आमच्या इमारतीतल्या एका शिक्षिकाबाईंना तर कोणी दूरध्वनीवरून सांगितले की, तुमच्या नाण्याला गिऱ्हाईक मिळाले आहे, फक्त रिझर्व्ह बँकेचा कर आणि नोंदणी शुल्क आधी भरा. त्यांनी दोन हप्ते भरले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की, तिच्या नावाने जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत. ती असा व्यवहार करत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. बाईंना हे मी सांगितले ते पैसे गेल्यानंतर. बँकेत असतो तर कदाचित खिडकीवरच अडवले असते, असे मला अजून वाटत राहते.

नवख्याला फसवायला खोटे नाणेच लागते असेही नाही. खऱ्या नाण्यावरचे सालसुद्धा पुरते. कंपनीचा रुपया १८३५ किंवा १८४० एवढ्याच सालांचा सापडतो, आणि व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावरचे १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत तसेच चालू होते, म्हणजे ठशावरचे साल ते पाडल्याचे साल असेलच असे नाही. मात्र राणीचे नाव पाहावे. तिने सम्राज्ञीची पदवी घेतली ती १८७७ मध्ये; त्याआधीच्या रुपयावर ‘क्वीन’ आणि नंतरच्यावर ‘एम्प्रेस’. १८७० साल आणि ‘एम्प्रेस’ असा रुपया कोणी दाखवला तर तो परत करावा. अशाच बारकाव्यांतून मला पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया कळला. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत हत्ती कोरलेला होता, पण सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके की लोकांना तो डुक्कर वाटला, मुसलमानांनी आक्षेप घेतला, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड आणि कान दुरुस्त करण्यात आले. बाजारात त्याला सरळ ‘पिग रुपी’ म्हणतात. कफ परेडला भरलेल्या एका प्रदर्शनात मी तो भिंगातून पाहिला. माझ्या मते तो हत्तीच आहे. पण ठसा झिजलेला असेल आणि बघणाऱ्याच्या मनात आधीच डुक्कर असेल, तर तो डुक्करही आहे.

विकत घेण्यापूर्वी फुकट बघावे, आणि मुंबईइतकी त्याची सोय कुठे नाही. फिरोजशहा मेहता मार्गावरचे रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय २००४ मध्ये सुरू झाले, तेव्हा माझी शाखा तिथून दहा मिनिटांवर होती, आणि मी एकदाही आत गेलो नाही. निवृत्तीनंतर लोकलचा प्रवास करून मुद्दाम गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या नाण्यांपुढेही मी एक दुपार घालवली आहे. मुंबईच्या नाण्यांचा इतिहास तर टांकसाळीच्या इमारतीहून कितीतरी जुना आहे: गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरच्या अमलात, १६७२ मध्ये, या बेटावर इंग्रजांनी पाडलेल्या पहिल्या नाण्यांत सोन्याची ‘कॅरोलिना’, चांदीची ‘अँग्लिना’, तांब्याचा ‘कॉपरून’ आणि कथलाचा ‘टिनी’ होता. अशी नावे लोकांच्या तोंडी रुळणे कठीणच होते. पुढे १७१७ मध्ये कंपनीला मोगल बादशहाच्या नावाने रुपये पाडण्याची परवानगी मिळाली आणि लोक ते घेऊ लागले. नाशिकला गेलात तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. तिथे एक दिवस कमी पडतो.

माझ्या ओळीत एक जागा रिकामीच राहणार आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया, आपल्या मुंबईच्याच टांकसाळीचा, इतका दुर्मीळ आहे की निवृत्तिवेतनात बसत नाही, आणि जे बसतात ते बहुतेक खोटे असतात, त्यामुळे मी त्याच्या होल्डरवर साल लिहून आत काहीच ठेवलेले नाही. पण दुसरी एक रिकामी जागा भरली, आणि ती भरण्याचे श्रेय माझे नाही.

१९८५ च्या सुमारास देशात नाण्यांचा एवढा तुटवडा होता की, वाणी सुट्या पैशांऐवजी गोळ्या देत आणि आमच्या खिडकीसमोर दुकानदारांची रांग लागे. सरकारने त्या साली काही रुपये परदेशी टांकसाळींकडून पाडून आणले. त्यांतल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या रुपयावर सालाखाली इंग्रजी ‘एच’ अक्षर आहे. मी त्या काळी खिडकीत नवा होतो, आणि ते रुपये पोत्यांनी माझ्या हातांखालून गेले असणार. आता मात्र दोन वर्षे शोधून तो सापडत नव्हता, म्हणजे फुटपाथवर विकत मिळत होता, पण मला तो चलनातूनच हवा होता. हा हट्ट मी सौभाग्यवतींना सांगितला नाही, फक्त मावशींना सांगितला. दर शनिवारी त्या बटव्यातले जुने रुपये मला चाळू देतात, भाजी घेण्याच्या अटीवर.

गेल्या माघात मी पोहोचलो तेव्हा त्यांनी काही न बोलता पदराची गाठ सोडली आणि एक रुपया काढला. “चष्मा लावून बघितला. तुमची चौकट नाय, तारा नाय, ठिपका नाय. सालाच्या खाली अक्षर हाय. हे काय?” मी भिंग लावले. ‘एच’ होता; कडा झिजलेल्या, ओंब्या पुसट, पण अक्षर ठळक.

मी खिशातून रुपया काढून पुढे केला. मावशींनी तो घेतला नाही. “काका, एवढे दिवस शोधताय. एका रुपयाला कसा देऊ? धा द्या.”

मी दहा रुपयांचे नाणे दिले. त्यांनी ते उलटे केले, नखाने एकेक रेघ मोजली, पंधरा भरल्या, आणि बटव्यात टाकले.